पाचवा फाटा

रायबंदरच्या या खोलीत भिंगावर
आठवड्यात बुरशी चढते.
लूर्दीनबाई म्हणतात, आधी बुरशी ओळखायला शीक,
माशी मागाहून.

दगड इथला नाही.
आपला जांभा पाणी पिऊन पिऊन सगळं विसरलेला,
त्यात असलं नाजूक काही टिकत नाही.
हा आलाय सिरोंच्याकडून, बिस्किटांच्या डब्यात,
कापसात गुंडाळलेला राखाडी चुनखडक,
आणि त्यावर पंख.
एकच.
अकरा मिलिमीटर, चार फिकट डाग.

नाव विंचूमाशी. पण विंचू कुठाय?
नराची शेपटी वर वळते, टोकाला फुगीर गाठ,
दिसते नांगीसारखी, नांगी नसते.
(बाई हसतात: लग्नाची तयारी ती.)
इथे तीही नाही. धड नाही,
ते चोचीसारखं लांबुडकं तोंड नाही.
जिच्यावरून नाव पडलं ती शेपटीच गेली
आणि राहिलं शिरांचं जाळं.

मी शास्त्रज्ञ नाही, चित्रं काढते.
शिरांच्या मधल्या जागेला घर म्हणतात
हे कळलं त्या दिवशी मला हायसं वाटलं,
कारण बाबा मेस्त होते,
दिवाडीला शिंपल्यांच्या खिडक्या बसवायचे.
पातळ पट्ट्यांची चौकट, घराघरात एक घासलेला शिंपला,
ऊन आत यायचं ते दुधात बुडून.
"आधी घरं मोज गो," म्हणायचे, "शिंपले पळून जात नाहीत."

मोजते.
त्रिज्यशिरेचे फाटे चार. बरोबर.
मध्यशिरेचेही चारच हवेत.
एक, दोन, तीन, चार,
पाच.
उजेड कलता केला. दगडावर अल्कोहोलचा थेंब सोडला.
थेंब पसरतो तेवढा वेळ पंख ओला दिसतो,
आत्ताच मातीतून वर आल्यासारखा.
मग उडून जातो, थेंब.
पाच.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"एका पंखावर विश्वास ठेवू नये, सुलक्षा.
कुणाला सहावं बोट असतं,
म्हणून त्याची जात वेगळी होत नाही."

जात हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो.
मी च्यारी. दर वेळी जरा थबकते,
मग आठवतं, इथे तिचा अर्थ
शिरा आणि घरं, एवढाच.

आमच्या मागच्या खिडकीतही एक पट्टी जास्त आहे,
खालून तिसऱ्या घरात, तिरकी.
आई म्हणते, हात शिकाऊ होता, चुकला.

फेब्रुवारीत दुसरा डबा आला.
त्याच थरातला, दुसऱ्याच माशीचा डावा पंख,
अर्धा फुटलेला, पण नेमका तो कोपरा शाबूत.
बाईंनी मला आधी बघू दिलं.
मी काही बोलले नाही, पाच बोटं दाखवली.
त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या,
आणि कितीतरी वेळ चहा निवत राहिला.

त्या रविवारी फेरीतून उतरून मालारपर्यंत चालत गेले.
कपेलाजवळ एक बंद घर, बाबांच्याच हातचं.
खिडकीचे निम्मे शिंपले गळालेले.
खालून तिसऱ्या घरात
तिरकी पट्टी.
आईला अजून सांगितलेलं नाही.

आता नाव हवं. बाई लॅटिन चाळतायत,
लिंग जुळत नाही म्हणून पुटपुटतायत.
मी चित्र पुरं करतेय.
दिसलं ते सलग रेघेत, मानलं ते तुटक,
हा नियम.
पंखाचा फुटलेला काठ तुटक काढला.
माशी कशी असेल ते कुणी विचारलेलं नाही,
शेपटीच्या जागी कागद कोराच ठेवायचा.
तिथे आलं की मनगट आपोआप
वरच्या बाजूला वळू लागतं.
पेन उचलून धरते.